मधल्या वेळात

“मग तो मधला भाग काढला तर चालेल ना, बुवा?”

श्रीकर नवाथे देवळाच्या ओसरीवर बसून विचारत होता. टीव्हीवर कुठला कार्यक्रम कधी आणि किती वेळ लावायचा, हे ठरवणं त्याचं काम. गोविंदबुवा आठल्यांचं कीर्तन त्याला वाहिनीवर दाखवायचं होतं. कॅमेरे लागले होते, गाव जमत होतं.

“मधला म्हणजे कुठला?”

“पूर्वरंग संपून उत्तररंग सुरू होईपर्यंतचा. तुम्हाला हार घालतात, बुक्का लावतात, तुम्ही जरा टेकता... तो. अर्ध्या तासात कार्यक्रमाला बावीस मिनिटंच मिळतात, बाकी जाहिराती. त्या बरोब्बर तिथे बसतील. नाहीतरी तिथे काही घडत नाही.”

कात्री कुठे लावावी हे आपल्याइतकं कुणाला कळत नाही, अशी त्याची खात्रीच होती.

“जाहिराती लागल्या की लोक काय करतात?” बुवांनी विचारलं.

“उठू नयेत म्हणून तर आमचं डोकं चालतं! गोष्ट अशा जागी तोडतो, की माणूस हलत नाही.”

“आणि तुमच्या घरी?”

श्रीकर हसला. मग ते हसू गेलं.

“आमच्या घरी... माधवी बोलायची. मालिका चालू असताना एक शब्द नाही. जाहिरात लागली की माझ्याकडे वळायची. उद्या डब्याला काय, इथपासून म्हातारपणी कुठे राहायचं, इथपर्यंत. आमचा अख्खा संसार जाहिरातींत झाला, बुवा.”

“आता?”

“ती गेली. मी बिनजाहिरातीचे भाग घरी आणून बघतो. गोष्ट सलग पळते. पण जिथे ब्रेक असायचा, तिथे मान आपोआप तिच्या खुर्चीकडे वळते...”

त्याने बुवांकडे पाहिलं.

“फार आठवण येते हो. ही मान वळायची सवय कशी मोडू, तेवढं सांगा.”

बुवांनी उपरणं सावरलं आणि ते कीर्तनाला उभे राहिले.

श्रीकर कॅमेऱ्याशेजारी घड्याळाकडे बघत उभा होता. पूर्वरंग संपला. एका बाईंनी बुवांना हार घातला, बुक्का लावला आणि वाटी पुढे धरली.

बुवांनी चिमूटभर बुक्का घेऊन तबलजीला लावला. उजवीकडे पेटीवर बसलेल्या भाच्याला लावला. मग ते डावीकडे वळले.

तिथे एक आसन घातलेलं होतं. त्यावर कुणी नव्हतं. बुवांचा धाकटा भाऊ जन्मभर तिथे बसून पेटी वाजवत आला होता. तो वारला, तरी आसन रोज घातलं जात होतं, हे गावाला ठाऊक होतं.

बुवांचा हात कपाळाच्या उंचीवर थांबला... मग त्यांनी बुक्का आसनावर ठेवला आणि तिकडेच बघत बसले. त्यांचे ओठ हलत होते. मंडपात कुणालाच घाई नव्हती.

“सर, हे बंद करू?” कॅमेरावाल्याने हळूच विचारलं.

श्रीकरला ते ऐकूच गेलं नाही. त्याची मान शेजारच्या मोकळ्या जागेकडे वळली होती आणि डोळे भरून आले होते. भानावर येऊन त्याने घाईघाईने मान सरळ केली.

बुवांनी ते पाहिलं.

“उत्तररंगाला अजून अवकाश आहे,” ते म्हणाले. “तेवढ्यात बोलून घ्या.”