गुणाजीचे उन्हाचे मलम

एका माळावरच्या गावात गुणाजी नावाचा एक भोळा गडी होता. सांगितलेले तो कधी विसरत नसे, आणि हीच त्याच्या आईची मोठी अडचण होती.

धाकट्या बहिणीचे, शेवंताचे लग्न तोंडावर आले होते. मुलीच्या माहेराची किंमत रुखवतातल्या कुरडयांवरून करायची, ही त्या भागाची रीत. त्यामुळे सरूआईचा सारा जीव कुरडयांत अडकलेला. माळवदावर त्या वाळत घातल्या की कावळे हाकायला गुणाजी बसे. पहिल्याच दिवशी त्याचे तोंड भाजलेल्या वांग्यासारखे झाले.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सनस्क्रीनची ट्यूब दिली. तिच्यावर तीसचा आकडा होता. उन्हात जाण्याआधी लावा, म्हणाल्या. गुणाजीने गंधासारखे एक बोट कपाळावर ओढले. संध्याकाळी कपाळ तेवढे शाबूत, बाकीचे वांगे.

“गंध नाही ते,” बाई म्हणाल्या. “उघडं दिसेल तिथं सढळ हातानं लावायचं.”

गुणाजी घरी आला, तेव्हा ओसरीच्या सावलीत शेवंताचे होणारे सासरे टोपी काढून पेंगत होते. डोके पार उघडे. गुणाजीने सढळ हाताने लावले.

व्याही दचकून जागे झाले. डोक्यावरून हात फिरवला, बोटे पाहिली आणि शांतपणे म्हणाले, “सरूबाई, आमच्याकडं हळद नवऱ्या मुलाला लावतात. आणि ती पिवळी असते.”

शेवंता आत तोंडाला पदर लावून बसली. सरूआईने हातापाया पडून वेळ निभावली आणि गुणाजीला बजावले, की सावलीतल्याला लावू नये, उन्हात असेल त्याला लावावे.

दुसऱ्या दिवशी गुणाजीने हिशेब केला. एक थर तीसचा, दोन थर साठचे. सकाळी एकदा लावले की दिवसभर बघायला नको. दुपारपर्यंत त्याच्या नाकाची साले निघाली.

बाईंनी कपाळाला हात लावला आणि आणखी चार-पाच ट्यूबा त्याच्यापुढे ठेवल्या. “आकड्यांची बेरीज होत नाही, गुणाजी. दर दोन तासांनी पुन्हा लावायचं. घाम आला, पुसलं गेलं, की पुन्हा.”

उपदेशात काहीच चूक नव्हती. गुणाजीने तो गाठीला बांधला.

कुरडयांची शेवटची खेप घालून सरूआई शेवंताला घेऊन परगावी आवतण द्यायला निघाली. आज वाळल्या नाहीत तर रुखवत लंगडे पडणार होते. “डोळ्यांत तेल घालून राख रे बाबा,” ती म्हणाली. “दिवसभर उन्हात उघड्या पडायच्यात.”

गुणाजीने माळवदावर नजर टाकली. पांढऱ्याशुभ्र, कोवळ्या, अंगावर चिंधी नाही. त्याला गलबलून आले. घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या ट्यूबा त्याने वर आणल्या.

दिवेलागणीला सरूआई परतली ती विहीणबाईंनाच सोबत घेऊन. कुरडया दाखवायची तिला हौस होती. माळवदावर एकही कावळा नव्हता. विहीणबाईंनी कौतुकाने एक कुरडई उचलली, तर ती बोटांतून ओघळली.

सरूआईने दुसरी उचलली, तीही ओघळली. “गुणाजी, ऊन नव्हतं का रे आज?”

“होतं की. नुसतं रणरणत होतं,” गुणाजी म्हणाला. सकाळपासून तो टेकला नव्हता. “पण आई, दर दोन तासांनी लावत होतो. ओली दिसली की पुसून पुन्हा लावत होतो. एकीलासुद्धा ऊन लागू दिलं नाही.”