बिनदाराची चावडी

ही आमच्या करंजसऱ्याची चावडी. चौकट आहे, दार नाही. पावसाची झड आत येते, शेरडं येऊन बसतात, तरी इथे दार लावायचं नाही असा गावाचा रिवाज आहे. त्याची हकिकत अशी सांगतात.

पूर्वी चावडीत सगळं गाव बसे. वरच्या वाडीचे धनगर, कुंभार, सुतार, बायाबापड्या. ज्याला बोलायचं त्याने बोलावं, मग ठरावं. एका साली लुटारूंची टोळी आली, सात घरं जळाली. रायाजी नावाच्या गड्याने माणसं जमवून टोळी परतवली. त्यानंतर तो म्हणाला, "आपली खबर इथूनच बाहेर जाते. चावडीला दार हवं. भीती सरली की काढू." सगळ्यांनी हात वर केले, म्हणे. धर्मा सुताराने सागाचं भक्कम दार करून दिलं.

टोळी पुन्हा आली नाही, पण रायाजी दर बैठकीला तिचं नाव काढी. आधी धनगरांना बाहेर थांबवलं. म्हणाला, रानात फिरतात, टोळीला खबर तेच देत असतील. पुरावा कोणी मागितला नाही. मग कुंभारांना, त्यांनी धनगरांची बाजू घेतली म्हणून. आत माणसं कमी झाली, निवाडे झटपट होऊ लागले. लोकांना ते बरंच वाटलं.

पुढे रायाजीने नदीकाठचं गायरान आपल्या माणसांना वाटून टाकलं. धर्मा विचारायला चावडीत गेला, तर दाराशी उभ्या केलेल्या राखणदाराने काठी आडवी धरली. "तुला आत घ्यायचं नाही, असं सांगितलंय."

घरी येऊन त्याने बायकोला, ठकूबाईला हे सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "धनगरांना अडवलं, तेव्हा तुम्ही आतच होता ना?"

धर्मा जेवला नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, बैठक चालू असताना, पटाशी-हातोडा घेऊन तो दार चौकटीतून सोडवू लागला. राखणदारांनी त्याला मारलं. उजवा हात मोडला, तेव्हा तो डाव्याने ठोकू लागला. गाव लांबून बघत होतं. अखेर वरच्या वाडीची बिराई नावाची म्हातारी पुढे झाली आणि फळीला धरून ओढू लागली.

"हे बसवताना मीही हात वर केला होता," ती राखणदाराला म्हणाली. "आता मीच म्हणते, काढा."

मग कुंभार आले, मग बाकीचे. राखणदारही गावातलेच होते, त्यांच्या काठ्या खाली आल्या. रायाजी गाव सोडून गेला असं काही जण सांगतात. काही म्हणतात, तो इथेच राहिला आणि सभेत इतरांसारखा येऊन बसे.

धर्माच्या उजव्या हाताने पुन्हा हत्यार धरलं नाही. गावाने त्याला पुढची जागा देऊ केली. तो मागेच जाऊन बसला. म्हणाला, "आधी धनगरांना बोलू द्या. त्यांच्या वेळी मी गप्प होतो."

आजही ग्रामसभेत पहिला शब्द वरच्या वाडीचा असतो. आणि आम्ही सुतार सर्वांत मागे, उंबऱ्यापाशी बसतो. कोणी दिलेली शिक्षा नाही ती. तिथून बाहेर कोण उभं आहे ते दिसतं.