येसायचा वाकडा सांधा

ऐका. मीठमिरची गलबतानं यायची, त्या काळातली ही हकिकत. आंबेखोल गावाच्या मधोमध एक पऱ्या वाहतो. उन्हाळ्यात कोरडाठाक, आणि आषाढात असा फुगतो की म्हैससुद्धा वाहून जावी. अलीकडे वरची वाडी, पलीकडे खालची. लोक ये-जा करायला पोफळीच्या खोडांचा साकव घालायचे, तो पहिल्या लोंढ्यात जायचा. मग पक्का पूल मागायला खोताकडे जायचे. खोत म्हणायचा, "पुढच्या साली बघू." लोक माना डोलवून घरी यायचे. पुढचं साल कधी कुणाच्या दारात आलंय का?

वरच्या वाडीत येसाय सुईण राहायची. नवरा लवकर गेलेला, पोटी मूल नाही. पण हाताला यश असं, की आडवं आलेलं मूल तिचा आवाज ऐकून सरळ व्हायचं, असं म्हणतात.

एका आषाढात पलीकडची तुळसा अडली. पऱ्या दुथडी भरलेला. येसाय काठावरून ओरडून सांगत होती, पलीकडच्या बायका ऐकत होत्या, पण ओरडून का बाळंतपण होतं? पाणी उतरलं तोवर तुळसा गेली होती, पोटातल्या जिवासकट. येसाय रडली नाही. तिला संताप आला होता, आणि तो पऱ्याचा नव्हता, गावाचा होता.

पुढचं बारसं आलं. सुईणीला लुगडं-नारळ द्यायची रीत. येसायनं हात मागे घेतले.

"लुगडं नको मला. घरात जेवढी माणसं हायत, तेवढे चिरे पुलासाठी पऱ्यात घाला. ज्यानं त्यानं आपल्या हातानं. नायतर पुढल्या खेपेला मला बोलवू नका."

लोकांनी नाकं मुरडली. पण सुईणीवाचून कुणाचं घर चालतं? पाण्याला वाट सोडून जांभ्या चिऱ्यांचे खांब आणि त्यांवर पायवाट, असं दोन्ही काठांवरून उभं राहू लागलं. म्हातारेकोतारेही चिऱ्याला हात लावायचे, आणि तान्ह्याचा हात धरून आई लावायची.

पण गावच ते! वरच्यांनी ओळ धरली आपल्या पारासमोरून, खालच्यांनी आपल्या देवळासमोरून. दोरी धरायला एकमेकांकडे जायचं कुणी? मध्यावर आल्यावर कळलं, दोन्ही टोकं एकमेकांना चुकली आहेत. मधे खिंडार राहिलं. "आम्ही का उपटू? त्यांनी उपटावं," असं दोन्हीकडचे म्हणू लागले आणि काम थांबलं.

आषाढ उजाडला आणि पलीकडून हाक आली. तुळसाची धाकटी जाऊ अडली होती. येसाय चिऱ्यांवरून निघाली, तुटल्या टोकाशी आली आणि तिनं सरळ खिंडारात उडी टाकली. एक हात वरच्यांच्या खांबाला, एक खालच्यांच्या. पाणी गळ्याशी. दोन्ही काठांवर माणसं गोळा झाली.

"बघता काय?" येसाय ओरडली. "बाळंतीण तिकडं, सुईण हितं, आणि तुमचं नाक मधी! आणा चिरे!"

खाणीवर जायला वेळ कुठला? कुणी दाराची पायरी उखडली, कुणी गोठ्याची भिंत. खोतानं आपला ओटा दिला, असंही म्हणतात. मला तेवढं खरं वाटत नाही. येसायचे हात खांबांवर होते तोवर पाणी तिच्याभोवती थबकून राहिलं, असं म्हणतात. वाकडातिकडा का होईना, सांधा जुळला. येसाय ओल्या लुगड्यानिशी वर चढली आणि पलीकडे गेली. मुलगी झाली. दोन्ही वाड्यांना ऐकू जाईल एवढ्यानं रडली. तेव्हा मात्र येसायही रडली.

आता शेजारी सिमेंटचा पूल झालाय. जुनी वाट मधेच वाकडी आहे, पण ती सरळ करायला गाव तयार नाही. आजही मूल जन्मलं की घरातला प्रत्येकजण गावच्या कामाला आपल्या हातानं एकेक चिरा लावतो. कधी विहिरीच्या कठड्याला, कधी शाळेच्या कुंपणाच्या गडग्याला. त्याशिवाय बारसं होत नाही. तोवर पोराला नाव नसतं, आणि कुणाचं म्हणून विचारलं, तर त्याची आईसुद्धा सांगते, "येसायचं."