जड गोळी

एकदा एका रानाच्या कडेला एक वृद्ध शिकारी राहत असे. शिकारीचे परवाने मिळत, त्या काळातली ही गोष्ट. सकाळी तिथे धुकं झाडांच्या कमरेपर्यंत साचे. त्यातून हा म्हातारा इतका संथ जाई, की तो चालतो आहे की रानच मागे सरकतं आहे, हे पाहणाऱ्याला उमगू नये.

पायथ्याच्या गावात एका रानडुकराने दोघांना सुळ्यांनी फाडलं होतं. त्याला मारण्याचं काम म्हाताऱ्याने शिष्याला दिलं. शिष्य मोठा हौशी! मध्यम नळीची नवीकोरी रायफल, आणि तिच्यासाठी त्याने निवडल्या होत्या हलक्या, अतिवेगवान गोळ्या. दोनशे पावलांवरचे तीन भोपळे त्याने ओळीने उडवले.

"बापू, टेकडीवरूनच लोळवतो त्याला. जवळ जायला नको अन् काही नको!"

बापूंनी शाबासकी दिली नाही. त्यांनी पोत्यात ओला चिखल भरला, आत मेलेल्या बैलाच्या खांद्याचं हाड खोचलं, पोतं झाडाला टांगलं आणि म्हणाले, "मार."

बार झाला. पोत्याला हे एवढं भगदाड! शिष्य हरखला. बापूंनी मात्र निवांत बसून चिखल चिवडला. गोळीचा हाडावर चुरा झाला होता; हाड जागच्या जागी होतं. मग त्यांनी आपली एक जड, संथ गोळी दिली. या खेपेस भोक बोटाएवढंच पडलं, पण गोळी हाड फोडून पार गेली.

"पण बापू, ही लांबवर खाली झुकते. हिच्यासाठी फार जवळ जावं लागेल."

"जावंच लागेल," बापू शांतपणे म्हणाले. "लेका, तू गोळी निवडलीस ती स्वतःच्या भीतीला विचारून. डुकराच्या हाडाला विचारलंच नाहीस. तुझ्या गोळीने ते मरणार नाही, नुसतं चवताळेल. आणि चवताळून टेकडी चढणार नाही. खाली हाक्याला गावचा सोमजी हातात काठी घेऊन डुक्कर उठवत असेल, त्याच्यावर जाईल."

शिष्याची मान खाली गेली. त्याला खरोखर लाज वाटली.

हाक्याच्या दिवशी तो जड गोळ्या घेऊन खाली उतरला आणि ओढ्याकाठी, झुडपांपासून तीस पावलांवर उभा राहिला. धुकं हललं, त्यातून डुक्कर धावत आलं. एकच बार झाला आणि ते जागीच कोसळलं. मागोमाग झुडपांतून सोमजी बाहेर आला. त्याने डुकराकडे पाहिलं, मग मेलेल्या डुकरावर अजूनही रायफल रोखून उभ्या शिष्याकडे.

"भ्यालात का, दादा?"

"फार भ्यालो रे."

"बरं झालं," सोमजी घाम पुसत म्हणाला. "आजवर तुम्हा शिकाऱ्यांच्या वाट्याचंबी आम्हीच भीत होतो."