चिताऱ्याचं राहून गेलेलं वय

एका राज्यात वीरबाहू राजाला चित्रांचा भारी नाद. त्याच्या चित्रशाळेत हजारो चित्रं, पण गर्दी व्हायची ती एकाच चित्रापुढे. सोमदत्त चिताऱ्याने आरशात बघून शिसवी फळीवर काढलेली स्वतःचीच तसबीर होती ती. तिच्या पापण्या लवत असत. का म्हणाल, तर सोमदत्त त्या तसबिरीत खराच अडकला होता!

चिताऱ्यांची रीत अशी, की चित्राचे डोळे सर्वांत शेवटी उघडायचे, आणि आपल्या स्वतःच्या तसबिरीचे डोळे तर दुसऱ्याच्याच हातून उघडून घ्यायचे. सोमदत्ताला कुठला धीर! स्वतःच डोळ्यांतल्या बाहुल्या रेखल्या, शाप लागला, आणि पठ्ठ्या थेट फळीवर. कुंचला तेवढा जमिनीवर राहिला.

त्याची बायको कुमुदा रोज येई, तसबिरीपुढे बसून घरचं-दारचं सांगे, रडे. वर्षांमागून वर्षं गेली. तिचे केस पिकले, तो मात्र जसाच्या तसा. एके दिवशी छताखालची साळुंकी बोलली, "बाई, नुसती रडतेस काय? नागाच्या डोहातून शंख आण, त्याचा पांढरा रंग कर. यक्षिणीच्या न विझणाऱ्या दिव्याची काजळी आण. मग त्याचं राहून गेलेलं वय आपल्या हाताने त्याच्या चेहऱ्यावर काढ. पण खोटं काढशील, तर चित्र पुसलं जाईल आणि माणूसही जाईल."

कुमुदा डोहावर गेली. नाग म्हणाला, "भीत नाहीस?"

"भिते. पण शंख द्या."

नागाला हसू आलं. त्याने शंख दिला. पुढे यक्षिणी म्हणाली, "काजळी हवी तर पेटता दिवा तळहातावर धर." कुमुदेने धरला. हात पोळला, काजळी मिळाली.

परतली तर तिचा बेत कानावर आलेला राजा आडवा आला. "माझं रत्न विद्रूप करणार तू?"

"महाराज, तुमचं ते रत्न आहे. माझा नवरा आहे हो तो."

राजा ओशाळून बाजूला झाला.

तिने कुंचला धरला आणि तिचा जीवच धजेना. इतका देखणा चेहरा, त्यावर सुरकुती ओढायची कशी? तिने एकच पांढरा केस काढला, तोही कानामागे. झालं! तसबिरीचा अंगरखा फिकटला, खांदा दिसेनासा झाला.

"अहो, जाऊ नका!" कुमुदा ओरडली. मग मात्र तिने हात आखडला नाही. वाट बघून पडतात त्या आठ्या कपाळावर ओढल्या. गाल खोल केले. डोळ्यांखाली काळं दिलं, कारण बायको रोज समोर रडत होती आणि त्याला तिचे डोळे पुसता येत नव्हते. केस पांढरे करताना ती हुंदके देत होती.

फळी कोरी झाली. कुमुदा मटकन खाली बसली.

मागून कुणीतरी खाकरलं. सोमदत्त उभा होता, आपलाच चेहरा चाचपत. राजाने धावत जाऊन त्याला आपलं आसन दिलं, पण तो बसलाच नाही. कुमुदेजवळ आला, तिचा पोळलेला हात हातात घेतला.

"कुमुदे, मी म्हातारा झालो की काय गं?"

"झालात," ती डोळे पुसत म्हणाली. "माझ्याबरोबरच झालात."