बांडी म्हैस आणि ताठ माना

म्हशी आपली भांडणं आपणच मिटवत, त्या काळातली ही गोष्ट. तळ्यात उतरण्याआधी प्रत्येक म्हैस काठावर मान लववायची. तळाशी थोरली म्हैस राहते आणि तीच पाणी राखते, असं सगळ्या मानत.

एक दिवस बांडी नावाची म्हैस मान न लववताच पाण्यात शिरली. म्हणाली, "मी बुडी मारून पाहिलंय. खाली नुसता चिखल आहे."

"न मानणं हीसुद्धा भक्तीच की," मैना नावाची म्हातारी म्हैस म्हणाली.

"मग उपाशी राहणं हासुद्धा चाराच का गं, आजी?" बांडी हसली आणि डुंबत राहिली.

तरण्या म्हशींना हे फार पटलं. त्या रोज काठावर रांगेनं उभ्या राहू लागल्या. माना ताठ करायच्या, "तळाशी कोणी नाही!" असं एका सुरात रेकायच्या आणि मगच पाण्यात उतरायच्या.

एकदा काठावर बांडीच्या पायाला गोमाशी चावली. तिनं पाय खाजवायला मान खाली घातली.

"वाकली! बांडी बाटली!" तरण्यांनी एकच गिल्ला केला.

मैना पाण्यातून खदखदून हसली. "ये बाई, आता आमच्यात ये."

"अगं बायांनो, मला नुसतं डुंबायचंय!" असं म्हणून बांडी पलीकडच्या घसरड्या काठानं एकटीच उतरली.

दुसऱ्या दिवशी ती तिथं आली, तर चार म्हशी तिच्या खुरांच्या ठशांत नेमके पाय ठेवत जपून उतरत होत्या. आणि त्याआधी प्रत्येक म्हैस, गोमाशी नसतानाही, मान वाकवून पाय खाजवत होती.