अनुसयाबाईंचं अत्तर

"मग यातलं कुठलं द्यायचं?" बशीर उस्तादांनी शिष्याला, सुभानला विचारलं.

गादीवर दोन कुप्या होत्या. एकीत मोगरा, एकीत चमेली. दोन्ही जुन्या पद्धतीनं, चंदनाच्या तेलावर काढलेली.

समोर पंच्याहत्तरीच्या अनुसयाबाई बसल्या होत्या. वैशाखात लग्न झालं तेव्हा त्यांचे यजमान मिरजेच्या याच दुकानातून त्यांना अत्तर नेत. नाव बाईंना आठवत नव्हतं. पांढऱ्या फुलाचं होतं, एवढंच. आणि आता यजमानांची तर सगळीच आठवण गेली होती.

"मला इचारत्यात, बाई, तुमी कुनाच्या?" त्या म्हणाल्या. "त्ये अत्तर लावून म्होरं बसावं म्हंते. पर एकच द्या, भाऊ. आधीच गोंधळल्यालं मानूस हाय."

सुभानला दुकानात आठ वर्षं झाली होती. फूल कुठल्या गावचं हे तो वासावरून सांगायचा, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगायचा. स्वतःचं दुकान काढायची परवानगी तो वर्षभर मागत होता.

त्यानं दोन्ही कुप्या हुंगल्या. लग्न वैशाखातलं, म्हणजे मोगराच, असा त्याचा हिशेब.

उस्तादांनी मोगऱ्याचा फाया बाईंच्या हातात दिला.

"ह्योच असंल," बाई म्हणाल्या. "लई ग्वाड हाय."

सुभाननं कुपी बांधायलाही घेतली.

"थांब." उस्तादांनी चमेलीचा फाया पुढे केला.

बाईंनी तो हुंगला. त्यांचा हात सावकाश वर गेला. खांद्यावर उतरलेला पदर त्यांनी डोक्यावर ओढून घेतला आणि मान खाली घातली. आपण काय केलं, हे त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं.

"न्हाई. पयलंच बरं," फाया परत देत त्या म्हणाल्या.

उस्तादांनी त्यांना चमेली दिली.

बाई गेल्या तसा सुभान तणतणला. गिऱ्हाईक मोगरा म्हणतंय, आपण मोगरा म्हणतोय, आणि उस्तादांनी चमेली गळ्यात मारली.

चार दिवसांनी बाईंचा मुलगा पेढे घेऊन आला. आई अत्तर लावून जवळ बसली, तशी वडिलांनी तिच्याकडे मान वळवली आणि विचारलं, "अनू, जेवलीस का?"

मग पुन्हा विसरले. पण तेवढं विचारलं.

मुलगा गेल्यावर सुभान उस्तादांच्या पायाशी येऊन बसला.

"उस्ताद, तुमच्यासारखं नाक मला कधी येईल?"

उस्तादांनी कुपीचं बूच घट्ट केलं.

"अकरा वर्षांपूर्वी मला मोठा ताप आला होता, बेटा. तेव्हापासून मला कसलाच वास येत नाही."